आधी चिप, मग स्विंग: सोलापुरात गोल्फ शिकणाऱ्यांसाठी

गोल्फ शिकायला आलेला माणूस पिशवी उघडली की सगळ्यात लांब क्लब, म्हणजे बॉल मारायची दांडी, उपसतो. तो असतो ड्रायव्हर. शिकण्याच्या क्रमात त्याचा नंबर शेवटचा आहे. हा क्रम उलटा धरला की वर्षभर घाम गाळूनही माणूस जागच्या जागीच राहतो. मी स्वतः पहिले तीन महिने ड्रायव्हरच फिरवला. पन्नासांत दोन-तीन बॉल सरळ जायचे, बाकीचे उजवीकडच्या बाभळीत. त्यात कोपर दुखायला लागलं. शेवटी पुण्यात एका शिकवणाऱ्यांकडे गेलो. त्यांनी माझा एकच फटका पाहिला, ड्रायव्हर काढून घेतला, हातात वेज, म्हणजे जवळच्या फटक्यांचा आखूड क्लब, दिला आणि म्हणाले, "अहो, आधी दहा मीटर टाकून दाखवा." मला दहा मीटर जमले नाहीत.

क्लबचा फेस, म्हणजे बॉल मारायची सपाट बाजू, बॉलला टेकलेला असतो तो वेळ सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढा. बॉल किती जाणार, कुठे जाणार, हे सगळं तेवढ्यात ठरतं. बॉलच्या अलीकडे हातभर आणि पलीकडे हातभर, एवढ्या पट्ट्यातून क्लब कसा जातो यावर फटका उभा असतो. छोट्या फटक्यात फक्त हा पट्टाच असतो. पूर्ण स्विंग म्हणजे त्याच पट्ट्याला दोन्ही बाजूंनी जोडलेली लांबी. पट्टाच वाकडा असेल तर लांबी जोडून वाकडेपणाच वाढतो. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

सामान आणि जागा

नियमाप्रमाणे खेळाडूला १४ क्लब बाळगता येतात. तुम्हाला सध्या तीन पुरेत: पटर (बॉल जमिनीवरून घरंगळवायचा), एक वेज आणि सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा). जुने, वापरलेले मिळाले तर तेच घ्या. ग्रिपचं रबर कडक होऊन गुळगुळीत झालेलं असेल तेवढं मात्र बदलून घ्या, कारण घसरणारी ग्रिप माणसाला क्लब आवळायला शिकवते आणि ती सवय नंतर सुटत नाही.

जागेचा विचार जास्त करावा लागतो. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते आणि पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते. मुरमाड माळ त्यापेक्षा बरा, पण एका खोलीएवढ्या तुकड्यातले खडे वेचून तो जरा भुसभुशीत करून घ्या, नाहीतर क्लबच्या कडेला खाचा पडतील आणि मनगटाला हिसके बसतील. कृत्रिम गवताची चटई सोयीची वाटते, पण ती खोटं बोलते. बॉलच्या आधी जमिनीला लागलेला क्लब चटईवरून घसरत पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. तोच फटका मातीत मारला तर बॉल चार हात जाऊन थांबेल. शिकताना माती बरी.

नान्नजच्या बाजूचा मोकळा माळ पाहिला की मोह होतो. तो माळढोकाच्या अभयारण्याचा परिसर आहे. तिकडे क्लब घेऊन जायचंच नाही.

गोल्फचा बॉल छोटा दिसतो, पण धोकादायक आहे. व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर, वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, आणि आतून टणक. नवख्याच्या हातून सेव्हन आयर्नचा बरा बसलेला फटका शंभर-सव्वाशे मीटर सहज जातो, चुकलेला कुठेही जातो. कॉलनीच्या मैदानात पोरं खेळत असताना खरा बॉल मारू नका. तिथे छिद्रांचे प्लास्टिकचे बॉल वापरा. स्विंग शिकायला ते पुष्कळ झाले. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा सकाळी सहा ते साडेसात एवढाच वेळ धरा.

हात

क्लब तळहातात धरायचा नसतो, बोटांत धरायचा असतो. डावा हात आधी लावा. करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरपी रेघ कल्पून त्यावर दांडी ठेवा आणि मूठ मिटा. अंगठा दांडीच्या वर, मधापासून किंचित उजवीकडे. खाली पाहिल्यावर डाव्या हाताच्या, बोटांच्या मुळाशी असलेल्या, दोन किंवा अडीच गाठी दिसल्या पाहिजेत. एकच दिसली तर हात फार डावीकडे फिरलाय, चार दिसल्या तर फार उजवीकडे. मग उजवा हात असा लावा की त्याच्या तळव्यातली खोबण डाव्या अंगठ्यावर बसेल. उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर टेकवली की झाली व्हार्डन ग्रिप. ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकलेल्या हॅरी व्हार्डन यांच्यामुळे ती रूढ झाली. बोटं आखूड असतील तर करंगळी आणि तर्जनी एकमेकांत अडकवा. लहान मुलांनी दहाही बोटं दांडीवर ठेवली तरी चालतं.

आपल्या गावात क्रिकेट अंगात मुरलेलं आहे. कसोटीपटू पॉली उम्रीगर यांचा जन्म इथलाच. क्रिकेटचा फायदा होतो: नजर स्थिर असते, डोकं हलत नाही, बाजूने उभं राहायची सवय असते. तोटा एकच, पण मोठा. षटकार मारताना खालचा हात जोर लावतो. तोच हात गोल्फमध्ये पुढे सरसावला की फेस ऐन वेळी डावीकडे मिटतो, नाहीतर क्लब बाहेरून आत, म्हणजे बॉलच्या पलीकडून अंगाकडे, ओढला जातो. म्हणून पहिला आठवडाभर उजव्या हाताने दांडी फक्त सांभाळा, ढकलू नका.

पकड किती घट्ट? गुळगुळीत रस्त्यावर गाडीचं हँडल धरतो तेवढी. खड्डा समोर आल्यावर जशी मूठ आवळते तशी नको. बॉलसमोर उभं राहिलं की जवळजवळ प्रत्येकाला खड्डा दिसतो, म्हणून फटक्याआधी खांदे एकदा उचलून सोडा आणि मग क्लब हलवा.

पटर: पहिले आठ दिवस

हे घरातच होतं. फरशीवर जुनी सोलापुरी चादर ताणून अंथरा. चादरीच्या काठाची सरळ रेघ हीच तुमची दिशा. बॉल रेघेवर ठेवा, डोळे बॉलच्या बरोबर वर, आणि खांद्यांनी पटर लोलकासारखा मागे-पुढे हलवा. मनगटं मोडायची नाहीत. हातमागावरचा धोटा या काठापासून त्या काठापर्यंत एकाच चालीने जातो. मध्येच घाई करत नाही आणि मध्येच थबकत नाही. पटर तसा चालला पाहिजे. बॉल लांब टाकायचा असेल तर पटर जास्त मागे न्या, जोर वाढवू नका.

मैदानावरच्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. तेवढ्या तोंडाची वाटी आडवी ठेवून एक मीटरवरून सलग दहा बॉल आत घाला. दहावा चुकला तर पुन्हा एकपासून. कंटाळवाणं वाटेल, पण हिशेब पाहा. १८ होलच्या मैदानाचा पार, म्हणजे अपेक्षित फटके, बहुधा ७२ असतो आणि त्यातले ३६ फटके, म्हणजे निम्मे, पटिंगसाठी धरलेले असतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली भारताची गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली. तिचे लांब फटके इतर आघाडीच्या खेळाडूंपेक्षा आखूड होते. पटिंगच्या बळावर ती शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत राहिली.

आणि एक. अंतर लांबीने ठरतं, जोराने नाही, हे शरीराला इथे कळतं. पुढचे सगळे फटके याच समजुतीवर चालतात.

चिप: इथे घाई करू नका

वेज घ्या आणि दहा ते वीस मीटरवर टॉवेल पसरा. बॉल तिथवर पोचवायचा: थोडा हवेतून, बाकी घरंगळत.

उभं राहणं असं: दोन पायांत वीतभर अंतर, अंगाचं वजन डाव्या पायावर थोडं जास्त, शंभरात साठ. बॉल दोन्ही पायांच्या मधापासून जरासा उजवीकडे. हात बॉलच्या किंचित पुढे, म्हणजे डाव्या मांडीसमोर. समोर उभ्या माणसाला तुम्ही एका मोठ्या घड्याळात उभे आहात असं दिसतंय असं समजा. डोकं बारावर, बॉल सहावर. हात सातपर्यंत मागे आणि पाचपर्यंत पुढे. बास, एवढाच फटका. वजन मागे-पुढे हलवायचं नाही, ते डावीकडेच राहू द्या.

यात अडचण येते ती डोक्यात. गेल्या पावसाळ्यात शेजारचा एक मुलगा माझ्याबरोबर यायला लागला, अकरा-बारा वर्षांचा. दहा फटक्यांनंतर रडकुंडीला आला. "काका, बॉल उडंना की ओ." मी त्याच्या क्लबकडे पाहिलं तर तो बॉलच्या खाली क्लब घालून उलथन्याने भाकरी उलटावी तसा बॉल वर काढू पाहत होता. उजवा खांदा खाली, वजन मागच्या पायावर, मनगटं पुढे मोडलेली. क्लब आधी मातीत घुसायचा, नाहीतर बॉलच्या डोक्यावर लागून बॉल जमिनीलगत सुसाट सुटायचा. शिकणाऱ्या शंभर जणांतल्या नव्वदांचं दुखणं हेच.

बॉल उचलायचं काम तुमचं नाही. वेजचा फेस मुळातच तिरपा असतो, सँड वेजचा ५४ ते ५८ अंश. क्लब खाली येता येता बॉलला लागला की तो तिरपेपणाच बॉलला वर चढवतो. तुम्ही खाली मारायचं, बॉल आपोआप वर जातो. वाचायला सोपं आहे, पण हाताला पटायला आठवडे लागतात, म्हणून दोन अभ्यास देतो.

पहिला फक्कीचा. मैदान आखायची फक्की घेऊन जमिनीवर लांब रेघ ओढा, दिशेला आडवी. रेघ दोन पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा. बॉल नाही. चिपएवढा क्लब फिरवा आणि खाली पाहा. क्लबने जमीन कुठे खरवडली? ओरखडा रेघेवर सुरू होऊन डावीकडे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला गेला पाहिजे. रेघेच्या उजवीकडे सुरू झाला तर तिथे बॉल असता तर आधी माती लागली असती. एक पाऊल पुढे सरका, पुन्हा फिरवा. असं रेघेवरून वीस वेळा चला. मागे वळून पाहिल्यावर वीस ओरखडे एका ओळीत दिसतात, आणि तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. वीसपैकी पंधरा रेघेच्या पुढे पडेपर्यंत बॉल ठेवू नका. त्या मुलाचे पहिल्या दिवशी चार पडले. बाराव्या दिवशी सोळा. त्या सकाळी त्याने बॉल ठेवून पहिला चिप मारला तेव्हा आधी टिक असा आवाज आला आणि मग मातीचा. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. बॉल कुठे पडला हे त्याने पाहिलंच नाही.

दुसरा अभ्यास टॉवेलचा. आपल्याकडे टॉवेलला तोटा नाही. हातपुसण्याची चौपदरी घडी बॉलच्या मागे चार-पाच बोटांवर ठेवा आणि घडीला न लागता बॉल मारा. क्लब लवकर खाली आला तर टॉवेल बॉलबरोबर निघतो.

बॉल फेसच्या मध्यावर लागतोय का, हेही फक्की सांगते. फेसवर बोटाने थोडी चोळा आणि मारा. बॉलचा गोल ठसा उमटतो. ठसा टाचेकडे म्हणजे दांडीजवळ असेल तर तुम्ही बॉलच्या फार जवळ उभे आहात किंवा हात पुढे ढकलताय. टोकाकडे असेल तर लांब उभे आहात किंवा हात अंगाकडे ओढताय. प्रत्येक पाच फटक्यांनी पुसून पुन्हा चोळा.

चिपला दोन-तीन आठवडे द्या. कुणी पाहायला आलं आणि "एवढंसंच का मारताय?" म्हणालं तरी द्या.

नऊ ते तीन

आता हात नऊपर्यंत मागे आणि तीनपर्यंत पुढे. याला पिच म्हणा किंवा अर्धा स्विंग. दोन पायांतलं अंतर जरा वाढवा, खांद्यांपेक्षा कमीच. बॉल मधोमध. वजन दोन्ही पायांवर सारखं.

इथे नवीन गोष्टी दोन. एक, मनगट. डावा हात जमिनीला समांतर झाला की दांडी वर उभी राहिलेली असावी, हात आणि दांडीत काटकोन. दोन, छाती. क्लब हाताने मागे न्यायचा नसतो. छाती उजवीकडे वळते आणि हात तिच्याबरोबर जातात. बॉल गेल्यावर छाती लक्ष्याकडे वळलेली असते आणि समोरच्या बाजूला तोच काटकोन पुन्हा दिसतो, आरशातल्यासारखा. हे जमतंय का ते पाहायला लांब टॉवेल छातीवरून आडवा घेऊन दोन्ही काखांत दाबा आणि फटका मारा. हात एकटेच पळाले तर टॉवेल गळून पडतो.

तोल डळमळत असेल तर पाय जोडून उभे राहा आणि अर्ध्या जोराने मारा. जास्त जोर लावला तर पडाल, म्हणून शरीर आपोआप आवर घालतं. माझ्या मते इतका स्वस्त आणि इतका गुणकारी अभ्यास दुसरा नाही.

चाल मोजायची ती अशी: वर नेताना "एक-दोन-तीन", खाली आणताना "चार". चांगल्या खेळाडूंच्या स्विंगमध्ये वर जायला खाली येण्याच्या साधारण तिप्पट वेळ लागतो. नवख्याचा वर जाण्याचा वेळच तुटपुंजा असतो, म्हणून खाली येताना सगळं एकदम कोसळतं. मोठ्याने मोजा, लाजू नका.

वेजने पंचवीस-तीस बॉल बरे गेले की तोच अर्धा स्विंग सेव्हन आयर्नने मारा. बॉल खालून आणि लांब जाईल, कारण त्याचा फेस तीस-बत्तीस अंशांच्या आसपास तिरपा असतो. तुम्ही काही बदलायचं नाही. फटका तोच, क्लब वेगळा. हे पहिल्यांदा घडतं तेव्हा जोर न लावता बॉल साठ-सत्तर मीटर गेलेला दिसतो, आणि क्लबवरचा विश्वास तिथून सुरू होतो.

पूर्ण स्विंग

नऊ ते तीनमधून इथे यायला फार काही शिकावं लागत नाही. खांदे आणखी वळतात, मागे जाताना साधारण ९० अंश. कंबर त्याच्या निम्मी. पाठ कडक असेल तर डावी टाच उचलली तरी हरकत नाही. चाळिशीच्या पुढच्यांनी ती उचलावीच, कमरेवर ताण कमी येतो. पाय खांद्याएवढे लांब, बॉल मधापासून किंचित डावीकडे.

खाली येताना सुरुवात पायांकडून होते. आधी वजन डाव्या पायावर, मग कंबर वळते, मग छाती, आणि हात शेवटी. हात आधी धावले की क्लब बाहेरून आत येतो. क्रम शिकायला वर पोचल्यावर क्षणभर थांबा, डाव्या पायावर वजन द्या आणि मग सोडा. शेवटी पोट लक्ष्याकडे, उजव्या पायाचा फक्त चवडा टेकलेला, आणि बॉल खाली पडेपर्यंत तसंच उभं राहायचं. उभं राहता आलं नाही तर जोर जास्त झाला.

पूर्ण स्विंगचे सलग तीस बॉल कधीही मारू नका. दहा पूर्ण, मग पाच चिप, मग पाच नऊ ते तीन. बिघडलेलं चिपमध्ये लगेच दिसतं आणि तिथेच दुरुस्त होतं. पूर्ण स्विंगमध्ये बिघाड शोधणं म्हणजे धावत्या गाडीचं चाक बदलणं.

ड्रायव्हर

दोन-अडीच महिन्यांनी. फरक एवढेच: बॉल टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो, डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, आणि बॉलचा निम्मा भाग क्लबच्या वरच्या कडेच्या वर दिसतो. पाय सगळ्यात लांब. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली, त्यामुळे क्लब वर चढता चढता बॉलला लागतो. बाकी स्विंग तुमचाच, शिकलेला.

बॉल उजवीकडे वळत गेला की त्याला स्लाइस म्हणतात. तो जवळजवळ सगळ्यांना होतो, आणि कारण न समजता सगळे आणखी डावीकडे नेम धरतात, मग तो आणखी वळतो. कारण असं आहे. बॉल निघतो तो बहुतांशी फेस जिकडे पाहतोय तिकडे. हवेत वळतो तो फेस आणि क्लबचा मार्ग यांत फरक असल्यामुळे. मार्ग बाहेरून आत आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, की बॉल उजवीकडे वळलाच. आधी ग्रिप पाहा: डाव्या हाताची एकच गाठ दिसत असेल तर दोन दिसतील एवढा हात फिरवा. निम्मे स्लाइस मी याच एका दुरुस्तीने सरळ होताना पाहिलेत. तेवढ्याने भागलं नाही तर बॉलच्या बाहेरच्या बाजूला, चार बोटं अंतर ठेवून आणि वीतभर मागे, बॉलची रिकामी पेटी ठेवा. क्लब पेटीला न लागता आतून यायला हवा. पेटी उडाली तर हात आधी धावले. पुन्हा नऊ ते तीन.

सरावाचा वेळ संपत आला की ड्रायव्हर पिशवीत घाला, वेज काढा आणि फक्कीच्या रेघेवर पाच चिप मारा. पाचही ओरखडे रेघेच्या पुढे असतील तर घरी जा. नसतील तर ऊन चढेपर्यंत आणखी दहा मारून मग जा.